टेंभाईचा कोंबडा

देवाचा नवस फेडायचा राहिला, तर देव कधी आठवण करून देत नाही. ते काम शेजारी करतात. कुंडलिक विशे यांच्या घरी ते प्रेमावहिनींनी केलं.

कुणालीचं लग्न तोंडावर आलं होतं. हळद कुटायला घेतली तर मुसळाला चीर गेली. मग आचारी स्कूटरवरून पडला आणि हात गळ्यात बांधूनच इसाऱ्याचं बोलायला आला. त्यावर कडी म्हणजे हॉलवाल्याने कळवलं, की त्याच मुहूर्तावर त्याने आणखी कुणाच्या तरी बारशालाही शब्द दिलाय. समोरच्या फ्लॅटमधल्या प्रेमावहिनी चहाला आल्या होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "सुंदरा, कुटं नवस-बिवस तर नाय ना ऱ्हायला गो?"

सुंदराच्या हातातली चाळण थांबली. कुणाली नुकती चालायला लागली होती तेव्हा तापाने फणफणली होती, डॉक्टरांनीही मान हलवली होती. तेव्हा सुंदराने टेंभाईच्या डोंगराकडे तोंड करून पदर पसरला होता. पोर जगू दे, लग्नाआधी तिच्याच हातून तुला कोंबडा देईन. पोर जगली, शिकली, ठाण्याला लॅबमध्ये नोकरीला लागली आणि मुरबाडच्या शामशी तिने स्वतःच जमवलं. टेंभाई तेवढी राहून गेली.

"एवढंच ना?" कुंडलिक म्हणाले. "रविवारी जाऊन येऊ."

माणसाने आयुष्यात "एवढंच ना" म्हणू नये. म्हटलंच तर निदान शेजाऱ्यांसमोर म्हणू नये. पण कुंडलिक हे आटगावच्या एका पाइपच्या कारखान्यात टाइमकीपर होते, आणि जगातलं प्रत्येक काम नियमाने केलं की वेळेत होतं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. कारखान्यातलं ओळखपत्र ते गळ्यात घालत, आणि ही सवय इतकी मुरली होती, की रविवारी भाजी आणायलाही ते ओळखपत्र घालूनच जात. शहापुरात त्यांना न ओळखणारं कुणी नव्हतं, तो भाग वेगळा. घसा नाजूक असल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना कोमट पाणी प्यायला सांगितलं होतं. हे सांगून डॉक्टर स्वतः केव्हाच विसरले असतील, पण कुंडलिक बारा महिने, ऐन वैशाखातसुद्धा, खांद्याला स्टीलचा थर्मास लटकवून फिरत.

नवसाचा कोंबडा बॉयलर चालत नाही. तो गावठी लागतो, अंगाने तांबडा, तुरा उभा आणि नखात कुठे खोड नसलेला. सुंदराच्या भावाने शेणव्याहून असा एक देखणा कोंबडा शनिवारी दुपारी पोचवला आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. कारण इमारतीच्या जिन्यात एक पाटी होती. 'सोसायटीत पशुपक्षी आणण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून, सेक्रेटरी.' सेक्रेटरी म्हणजे स्वतः कुंडलिकच. दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या पोरांनी पोपट आणला, तेव्हा त्यांनीच ती रंगवून घेतली होती. त्यांनी कोंबडा टॉवेलात गुंडाळून वर नेला आणि बाथरूममध्ये ठेवला. पहाटे कोंबड्याने बाथरूममधून अशी बांग दिली, की सगळ्या जिन्याला ऐकू गेली. बाथरूममध्ये आवाज घुमतो, हे गाणाऱ्या माणसांना ठाऊक असतंच, आता कोंबड्यालाही कळलं.

"सेक्रेटरीसाहेब," दाराबाहेर प्रेमावहिनी म्हणाल्या, "घसा बरा झाला वाटतं."

कुंडलिकांनी दार उघडलं नाही. अपमान झाला की ते मिशीवरून बोट फिरवीत. त्या दिवशी त्यांचं बोट बराच वेळ मिशीवर होतं, आणि दिवस तर अजून उजाडायचा होता.

टेंभाईचा डोंगर शेणव्याच्या पुढे, मुरबाडच्या अंगाला आहे. खालून बघितलं तर डोंगराला नुसती शेंडी काढल्यासारखा एक सुळका दिसतो, आणि त्या शेंडीच्या मुळाशी देवी बसलेली आहे. पूर्वी लोक वाजतगाजत जात. आता डोंगर आणि भोवतीचं सगळं रान अभयारण्यात गेलंय. वाटेवर फाटक आहे, फाटकापाशी चौकी आहे, आणि चौकीवर फलक. काय करू नये याची एवढी सविस्तर माहिती कुंडलिकांनी स्वतःच्या पाट्यांखेरीज कुठेच वाचली नव्हती. प्लास्टिक आणू नये, आग पेटवू नये, मोठ्याने बोलू नये, पाळीव प्राणी व पक्षी आत नेऊ नयेत. पाटी वाचता वाचता त्यांना लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटू लागला. मग हातातली पिशवी हलली आणि तो आदर कुठल्या कुठे गेला.

बरोबर सुंदरा होती, कुणाली होती आणि पाड्यावरचा चांगो होता. चांगोच्या घराण्याकडे टेंभाईची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आहे. वयाने वाळून काटकुळा झालेला हा म्हातारा कुंडलिकांच्या कानाशी लागून म्हणाला, "दादा, तुमी बोलू नका. कोंबडा नारलाच्या खाली हाये, तो बी नाय बोलनार."

चौकीतून जगदीश नावाचा वनरक्षक बाहेर आला. खाकी कपडे, हातात काठी, चेहऱ्यावर सरकार. त्याने पहिल्यांदा कुणालीच्या खांद्यावरची पाण्याची प्लास्टिकची बाटली काढून घेतली, मग सुंदराच्या पिशवीतली दुसरी. कुंडलिकांचा थर्मास स्टीलचा म्हणून वाचला. "पानी तर नवसाला घरचंच लागतं," चांगो कुरकुरला. "आता काकांच्या थर्मासातलं वापरा," जगदीश म्हणाला आणि कापडी पिशवीकडे वळला. "हिच्यात काय?"

"नारळ," कुंडलिक म्हणाले. नोकरीच्या इतक्या वर्षांत त्यांनी कुणाची पाच मिनिटं इकडची तिकडे लिहिली नव्हती. अर्धसत्य बोलताना त्यांचा आवाज चिरकला, आणि त्या आवाजाला पिशवीतून लगेच उत्तर आलं.

"नारळ भारी तरणा हाये," जगदीश म्हणाला.

मग रीतसर वाद झाला. जगदीशचं म्हणणं, पाळीव कोंबड्याचा रोग रानातल्या पाखरांना लागतो, नियम आहे, नाय चालत. भाविकांना सोडतो, कोंबड्याला नाय. सुंदराचं म्हणणं, कोंबड्याशिवाय भाविकांनी वर जाऊन करायचं काय, टेंभाईला तोंड दाखवून हात हलवत परत यायचं? कुंडलिकांची अडचण वेगळीच होती. त्यांना जगदीशचं म्हणणं शंभर टक्के पटत होतं. त्यांनी तसं बोलून दाखवायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुंदराने त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी ते मिटलं.

शेवटी चांगो पुढे झाला. तो नात्याने जगदीशचा सासरा होता, हे तेव्हा कळलं. "जावय," तो म्हणाला, "तुज्या लग्नाचा कोंबडा वर गेला तवा ही चौकी नव्हती. म्हनून तुजा संसार झाला. ह्या पोरीनं काय घोडं मारलंय?"

सरकार आणि सासरा यांच्यात सापडलेल्या माणसाचं जे होतं तेच जगदीशचं झालं. त्याने मधला मार्ग काढला. कोंबडा वर जाईल, पण दोरीला बांधून. वर नुसता मान द्यायचा, पाणी टाकून कौल घ्यायचा. कापायचा नाय, रगत सांडायचं नाय, विस्तव नाय. "एक कोंबडा आत, तोच कोंबडा भाएर. मी सोता बरोबर येतो." आणि बाहेर येताना कुणी रानकोंबडा पळवतंय असं वाटू नये म्हणून त्याने मोबाईलवर कोंबड्याचा फोटो काढला, एक समोरून, एक बाजूने.

दोरी कुणाकडेच नव्हती. सगळ्यांची नजर कुंडलिकांच्या गळ्यातल्या निळ्या पट्टीवर गेली. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं, पण लेकीच्या लग्नापुढे माणूस काय देत नाही? ओळखपत्राची पट्टी कोंबड्याच्या पायाला बांधली गेली, आणि ओळखपत्र सुटेना म्हणून तेही तसंच लोंबत राहिलं.

चढण सोपी आहे असं चांगो म्हणाला होता. डोंगरातल्या माणसाच्या "सोपी" आणि "जवळच" या शब्दांवर विश्वास ठेवणाऱ्याने आपल्या गुडघ्यांशी आधी बोलून घ्यावं. पळस फुलून गळून गेले होते, करवंदं अजून हिरवी होती, आणि उन्हाने खडक असे तापले होते की सुंदरा थांबायची तरी उभीच थांबायची. एका वळणावर कुंडलिक घाम पुसायला थांबले, पट्टी हातातून सुटली आणि कोंबडा करवंदीच्या जाळीत शिरला.

"काका, तो हरवला तर माजी नोकरी गेली!" जगदीश ओरडला. मोठ्याने बोलू नये हे तो विसरला.

कुंडलिक जाळीत शिरले. ओणवे होऊन, कोपरांवर सरकत, तोंडाने "कुक-कुक-कुक" असा आवाज काढत ते कोंबड्याच्या मागे गेले. करवंदीचे काटे शर्टाला लागले की सोडवता येत नाहीत, अशा वेळी शर्ट तरी सोडावा लागतो किंवा माणसाला तिथेच राहावं लागतं. ते असे अडकलेले असताना वाटेवर डोंबिवलीहून आलेली पक्षीनिरीक्षकांची टोळी येऊन थांबली. त्यांच्या गळ्यात हातभर लांबीचे कॅमेरे होते.

"शूऽऽ," त्यातली एक बाई कुजबुजली. "जाळीत रानकोंबडा आहे. आवाज ऐका, नर आहे."

"पण आवाज जरा विचित्र वाटतोय," दुसरा म्हणाला. "आजारी असेल."

फटाफट फोटो निघाले. तेवढ्यात जाळीच्या दुसऱ्या बाजूने कोंबडा रुबाबात बाहेर आला, आणि त्याच्या पायाला ओळखपत्र होतं. त्या बाईने कॅमेऱ्यात मोठं करून ते वाचलं. "कुंडलिक विशे, टाइमकीपर," ती म्हणाली. मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. पाखरांच्या पायात शास्त्रज्ञ खुणेच्या कड्या घालतात हे त्यांना माहीत होतं, पण अभ्यास इतका पुढे गेल्याची कल्पना नव्हती. मग जाळीतून खरे कुंडलिक विशे निघाले, बाही नसलेले. कुणालीने तोंडात ओढणी कोंबली होती.

दुपार कलायच्या आत ते सुळक्याच्या मुळाशी पोचले. उंबराखाली शेंदराने माखलेली एक शिळा, तीच टेंभाई. मागे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. खाली मुरबाडपर्यंतचा सगळा मुलूख पसरलेला. चांगोने उदबत्त्या काढल्या तर जगदीश म्हणाला, "वनवा लागतो." तेव्हा देवीपुढे न पेटवलेल्या उदबत्त्या खोचल्या गेल्या. टेंभाईने तेवढं समजून घेतलं असावं, तीही सरकारच्या हद्दीतच राहत होती.

आता कौल. नवसाच्या कोंबड्याच्या डोक्यावर पाणी टाकायचं आणि थांबायचं. त्याने अंग झाडलं की देवीने त्याला घेतलं. नाही झाडलं तर नाही घेतलं, मग कापायची गोष्टच नको. चांगोने कोंबडा शिळेसमोर धरला. कुंडलिकांनी थर्मास उघडून लेकीच्या हातात दिला. कुणालीने कोंबड्याच्या डोक्यावर धार धरली.

कोंबड्याने डोळे मिटले.

"टाक अजून," चांगो म्हणाला. कुणालीने आणखी टाकलं. कोंबड्याने मान खांद्यात घेतली आणि पंख सैल सोडून खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर, कोंबड्याला चेहरा असतो असं धरलं तर, कमालीचं समाधान होतं. तिसऱ्यांदा पाणी टाकलं तेव्हा त्याला झोप लागेल की काय असं वाटू लागलं.

सुंदराचा चेहरा उतरला. चांगो गंभीर झाला. "देवी घेत नाय," तो म्हणाला. "कोनाच्या तरी मनात काय तरी हाये. मन मोकलं करा, तवर नाय घेनार."

सगळ्यांनी आधी कुणालीकडे बघितलं. "कुणाली, शाम तुला पसंत हाये ना गो?" सुंदराने विचारलं.

"आई, मीच पसंत केलाय त्याला! काय बोलतेस!"

मग सुंदराने पदर डोळ्याला लावून कबूल केलं, की मुलगा पाहायला आला तेव्हा त्याचं नाक तिला जरा पसरट वाटलं होतं. कुणाली "आई!" म्हणून ओरडली. पाणी टाकलं. कोंबडा ढिम्म. जगदीश घसा खाकरून म्हणाला, "माज्या मनात हाये. साहेबांना कललं तर काय, हेच चाललंय सकालपासून." पाणी टाकलं. काही नाही. चांगोने जमिनीकडे बघत सांगितलं, की मानकऱ्याला टंगडी मिळते ती या नियमात बुडणार, म्हणून तो थोडा नाराज आहे. थर्मासातलं उरलंसुरलं त्याच्यावर गेलं. कोंबड्याने फक्त एक पाय आवळला.

आता एकटे कुंडलिक उरले.

"माझ्या मनात काही नाही," ते म्हणाले. "सगळं वेळेत चाललंय."

"पप्पा?"

त्यांनी मिशीकडे बोट नेलं आणि ते तिथपर्यंत पोचलंच नाही. खाली मुरबाडची घरं दिसत होती. मुरबाड म्हणजे काही दुबई नव्हे. शहापूरहून सकाळी निघालेला माणूस तिथे नाश्त्याला पोचतो. लोकांच्या मुली अमेरिकेला जातात. हे सगळं त्यांनी स्वतःला रोज सांगून झालं होतं.

"मला ती जायला नको आहे," कुंडलिक म्हणाले. "मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे. तरी नको आहे. रात्री गाडीला उशीर झाला की मी गॅलरीत उभा राहतो, ती जिना चढली की मी आत येऊन झोपल्याचं सोंग घेतो. आता मी गॅलरीत कशाला उभा राहू?"

जगदीशने काठी उगाच दुसऱ्या हातात घेतली. कुणाली बापाच्या खांद्याला उरलेला बाहीचा धागा धरून उभी राहिली, आणि तिला रडू आवरेना.

"घरचं पानी तर संपलं," चांगो हळूच म्हणाला. "देवीचंच घेऊ." त्याने टाक्यातलं पाणी पानाच्या द्रोणात आणून कुणालीच्या हातात दिलं. तिने डोळे पुसत ते कोंबड्याच्या डोक्यावर ओतलं.

कोंबडा ताडकन उभा राहिला आणि त्याने असं अंग झाडलं, की सगळ्यांच्या तोंडावर पाणी उडालं.

"घेतला!" चांगो ओरडला. "घेतला देवीनं! बापाच्याच मनात व्हतं!" सुंदराने शिळेवर डोकं टेकलं. जगदीशनेही टोपी काढून हात जोडले, आणि लगेच टोपी घालून इकडेतिकडे बघितलं.

उतरताना कोंबडा कुंडलिकांच्या काखेत होता. फाटकापाशी जगदीशने फोटोशी कोंबडा ताडून पाहिला, समोरून आणि बाजूने, आणि त्याला बाहेर सोडलं. एसटीची वेळ होत आली होती, तेव्हा तिथे थांबून कापायला सवड नव्हती. चांगो म्हणाला, "मान पोचला. आता कापा तुमच्या सवडीनं. पन सुरी लावायच्या आदी परत पानी टाकून इचारायचं. अंग झाडलं तरच."

लग्न पार पडलं. बारशाची मंडळी दुसऱ्या हॉलला गेली, आचाऱ्याने डाव्या हाताने केलेली डाळ लोकांनी मागून मागून घेतली. कुणाली मुरबाडला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिक गॅलरीत बसले होते. घर इतकं शांत होतं, की कपाटातल्या भांड्यांचाही आवाज नव्हता. लग्नाच्या गडबडीत राहून गेलेला कोंबडा कुंडीच्या आडोशाला उभा होता. सुंदराने पाण्याचा पेला आणून ठेवला होता, चुकून माठातला. कुंडलिकांनी घोट घेतला, गार लागला म्हणून पेला दूर सारला, तो कलंडला आणि पाणी कोंबड्याच्या अंगावर गेलं. कोंबड्याने फडाफडा अंग झाडलं.

कुंडलिक त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी थर्मास उघडून त्याच्या डोक्यावर थोडं कोमट पाणी टाकलं. कोंबड्याने डोळे मिटले आणि खाली बसला. पुन्हा माठातलं. अंग झाडलं. पुन्हा थर्मासातलं. डोळे मिटले.

म्हणजे टेंभाईला त्यांच्याकडून काही नको होतं. बायको, लेक, एक परका वनरक्षक आणि त्याचा सासरा, एवढ्यांसमोर जन्मात न बोललेलं बोलून गेलो, ते थर्मासापायी. कुंडलिकांचे कान तापले. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. पण बोललेलं परत घेता येत नाही, आणि खरं सांगायचं तर घ्यावंसं वाटतही नव्हतं. ही गोष्ट त्यांनी सुंदराला सांगितली नाही.

पुढच्या रविवारी जावई पहिल्यांदा जेवायला आला. सुंदराने वड्यांचं पीठ भिजवलं होतं, वाटण तयार होतं, आणि प्रेमावहिनी सुरी परजून दारात उभ्या होत्या. जिन्यातल्या पाटीखाली कुणीतरी खडूने 'सेक्रेटरीचा कोंबडा सोडून' असं लिहून ठेवलं होतं, त्याचा त्यांना विशेष आनंद होता.

"आधी विचारायला हवं," कुंडलिक म्हणाले. "नियम आहे." ते स्वतः स्वयंपाकघरात गेले, गॅसपाशी जरा रेंगाळले आणि तांब्या घेऊन आले.

"पप्पा, द्या इकडे. नवस माझा आहे," म्हणून कुणालीने तांब्या हातात घेतला. घेतला आणि थांबली. तिने तांब्याकडे बघितलं, मग बापाच्या खांद्यावरच्या थर्मासाकडे, मग बापाकडे. कुंडलिक छताचा एक कोपरा फार लक्षपूर्वक पाहत होते.

ती खाली वाकली आणि तिने कोंबड्याच्या डोक्यावर सावकाश, सगळं पाणी ओतलं. कोंबड्याने डोळे मिटले.

"आता कोनाच्या मनात काय हाये?" सुंदरा वैतागून म्हणाली. "वाटण वाया जाईल ना!"

"बटाटा घाल त्यात," कुणाली म्हणाली. रिकामा तांब्या तिने बापाच्या हातात दिला. "नाय म्हणतोय तो. पुढच्या रविवारी येऊन परत विचारते."